रुमालाखालचा बाजार

दुपारी दोन ते चार या वेळात बन्सीआप्पा घोडेगावला असतात. देहाने ते भिंगारमध्येच असतात, माझ्या घरापासून तिसऱ्या दारात, ओसरीतल्या खाटेवर. पण त्या वेळात हाक मारली तर ओ जरा उशिराने येते, लांबून चालत आल्यासारखी. त्यांची मुलगी सीमा माझ्याच कार्यालयात आहे. सुट्टीच्या दिवशी कुणी भेटायला आलं तर ती म्हणते, "आप्पा बाजारात गेलेत. बसा, येतील."

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आप्पांनी चाळीस वर्षे दलाली केली. दलालाचं काम मला त्यांनीच समजावून दिलं. घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहायचं, खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा. तोंडातून आकडा निघता कामा नये. वर पाऊसपाण्याच्या, सोयरिकीच्या गप्पा चालू असतात, खाली बोटं बोलतात. जमलं तर मनगट धरायचं. मनगट धरलं की सौदा पक्का, मग तो मोडत नाही.

"आणि रुमाल कशाला?" मी विचारलं होतं.

"रुमालाखाली समदेच आंधळे असत्यात, सायेब," आप्पा म्हणाले होते. "तिथं श्रीमंत कोन अन् गरीब कोन दिसत न्हाई. नुसती बोटं."

तेव्हा त्यांना थोडंफार दिसत होतं. काचबिंदू होता, पण गावाकडे असताना ते कुणाला कळलं नाही. दोन्ही बाजूंनी पडदा ओढत आणावा तशी नजर कडेकडेने मिटत गेली. सीमाने त्यांना भिंगारला आणलं तोवर मधे खिडकीएवढा तुकडा उरला होता. आता तोही नाही. दार कुठल्या बाजूला आहे एवढंच उजेडावरून कळतं.

तरीही आप्पा दुःखी नव्हते, याचं कारण त्यांचा टेप. जुना, जाडजूड, पुढे दातांसारखी पाच बटणं असलेला. तो त्यांच्या मेव्हण्याने दिला होता. एका शुक्रवारी आप्पा तो गाणी ऐकायला म्हणून बाजारात घेऊन गेले, लिंबाच्या बुंध्याशी ठेवला आणि चुकून लाल बटण दाबलं. गाणी पुसली गेली आणि त्या जागी पाऊण तास बाजार भरला. बैलांच्या घंटा, म्हशींचं हंबरणं, चहावाल्याची आरोळी, कुणाचं तरी खोकणं, धुळीत आपटणारे खूर. त्या दिवशी आप्पांवर घरात सगळे हसले. पण कॅसेट त्यांनी जपून ठेवली, कारण तो साधा शुक्रवार नव्हता. त्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच्या गोठ्यातला एक बैल विकला होता. त्याचं नाव पोस्टमन.

"असलं कसलं नाव?"

"दर दाराफुडं थांबायचा वो! गाडीला जुपला की पहिलं घर आलं, हुबा. दुसरं घर आलं, हुबा. जसं काय प्रत्येकाचं पत्र हाय त्याच्यापाशी."

पोस्टमनची एक घंटा तडकलेली होती. टेपमध्ये एकेचाळिसाव्या मिनिटाला ती ऐकू येते, खण् ऐवजी खद्. आप्पा दुपारी ओसरीत पडायचे, एक बटण दाबायचे, थोडं ऐकायचे, झोप आली की दुसरं बटण दाबायचे. दुसऱ्या दिवशी बाजार तिथून पुढे सुरू. दोन-तीन दिवसांत फेरी पुरी व्हायची. ऐकता ऐकता त्यांना दिसायला लागायचं. झोपेत आणि जागेपणी यांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे माणूस नक्की कुठे असतो ते सांगता येत नाही, तिथे बाजार भरायचा आणि आप्पा त्यात हिंडून यायचे.

गेल्या उन्हाळ्यात टेप बंद पडला. सीमा नगरमधल्या तीन-चार दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन आली. आता याचे भाग येत नाहीत, असं सगळ्यांनी सांगितलं.

पुढे महिनाभराने एका रविवारी मी गेलो तर आप्पा खाटेवर बसून होते. लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव चालू होता, खिडकीची काच थरथरत होती.

"सायेब," ते म्हणाले, "मी दुसऱ्यांदा आंधळा व्हतोय."



"टेप हुता तवर मला दिसायचं. बाजार बी, मानसं बी. आता दिसतंय, पन समदं राखंच्या रंगाचं. काल पोस्टमन आल्ता. शिंगं हायेत, वशिंड हाय, रंगच न्हाई त्याला. कोसा हुता, का गाजरी हुता, का पांढरा? मी त्याला वासरापासून धुतलाय. अन् मला त्याचा रंग आठवंना." त्यांनी बोटांनी चादर चाचपली. "एकदा रंग गेला की मग शिंगं बी जातील."

सीमा आतून आली. तिच्या हातात मोबाईल होता. "सर, मी ह्यात सगळं घालून देते म्हणते. पण आप्पा हातच लावत नाहीत."

"काचंला कुठं हात लावायचा?" आप्पा म्हणाले. "तिला अंगच न्हाई. नाक न्हाई, कान न्हाई. कुठंबी बोट ठेवलं तर काचच लागती. काल बोट लागलं अन् कोन तरी बाई बोलाया लागली. मी म्हनलं, बाई, तुमी कोन? ती म्हनती, तुमी कोन?"

"माझ्या नणंदेला फोन लागला होता," सीमा हसत म्हणाली. मग हसू आवरून हळूच म्हणाली, "मी नऊ वाजता निघते. दिवसभर लावून द्यायला कुणी नसतं. आणि आप्पा शेजाऱ्यांना सांगणार नाहीत."

"मागून आनलेला बाजार बाजार नसतो," आप्पा म्हणाले. "मला वाटंल तवा मी जानार. मला वाटंल तवा येनार."

तिथेच मी म्हणालो, "आप्पा, तुमच्या हाताला जमेल असं यंत्र मी शोधतो."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. छत्तीस वर्षे लष्करी भांडाराच्या लेखा विभागात काढली, येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. कुठलंही काम हाती घेतलं की मी आधी कागदावर रेघा ओढतो. नगरमध्ये एकाने कॅसेटवरचा बाजार पेन ड्राइव्हवर घेऊन दिला. मी त्याला नीटनेटकेपणाने दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडायला सांगितले होते, प्रत्येकाला क्रमांक घालून. आप्पांनी एक सांधा ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सायेब, बाजार कापून आनला व्हय? म्हैस अर्धी हंबारली अन् गेली." मी परत जाऊन तुकडे जोडून आणले.

मग यंत्रं. पंधरा दिवस मी दुकानं पालथी घातली, पुण्याला एका संस्थेत फोन केले आणि शेवटी तीन नमुने परत करण्याच्या बोलीवर घरी आणले. पहिली भजनाची पेटी, रंगीत दिव्यांची. दुसरा साधा रेडिओ, पेन ड्राइव्ह चालणारा, बाजूला एकच गोल मोठी खुंटी. फिरवली की टक् आवाज होऊन सुरू, उलटी फिरवली की बंद. तिसरं पुण्याहून आणलेलं, अंध विद्यार्थ्यांसाठी बनवलेलं, सतरा बटणांचं. प्रत्येक बटण दाबलं की ते बटण काय करतं ते मराठीत सांगायचं. मला ते तिसरं फार आवडलं होतं. मी तक्ता केला: वजन, आवाज, एका चार्जिंगवर किती तास चालतं, बटणांची संख्या, हमी. रविवारी आप्पांसमोर बसून मी तो मोठ्याने वाचून दाखवला.

तिसऱ्या रकान्यापर्यंत आप्पांची मान कलली होती.

"आप्पा?"

"ऐकतोय," ते दचकून म्हणाले. "दात किती म्हनला?"

सीमा स्वयंपाकघरात खुसखुसली.

"सायेब, राग मानू नका. पर बैल घेताना कुनी तक्ता वाचतं का? सीमे, माझा रुमाल आन."

सीमाने ट्रंकेतून रुमाल काढला. तांबड्या काठाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला, चांगला दोन हात लांब. आप्पांनी तो मांडीवर पसरला आणि मला तिन्ही यंत्रं त्याखाली सरकवायला लावली. "नाव सांगायचं न्हाई. किंमत सांगायची न्हाई. तुमी बी हात घाला. डोळे मिटा."

मी डोळे मिटून हात रुमालाखाली घातले. आतमध्ये कोमट होतं. आप्पांचे हात तिथे आधीच हिंडत होते. गुरांच्या अंगावरून फिरवावा तसा हात त्यांनी एकेका यंत्रावरून फिरवला. आधी पाठ, मग कडा, मग तोंड. भजनाच्या पेटीचं एक बटण दबलं आणि आतली बाई इंग्रजीत किंचाळली. आप्पांनी ती लगेच बाजूला केली. "मारकी हाय."

मग सतरा बटणांचं. त्यांची बोटं त्यावर बराच वेळ राहिली. "हुशार हाय," ते पुटपुटले. "पर लई बोलकं. दर पावलाला इचारतंय, कुठं जायचं, कुठं जायचं." आणि ते रेडिओकडे वळले. खुंटी फिरवली. टक्. बाजार सुरू झाला. उलटी फिरवली. टक्. बाजार बंद. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण हात मऊ झाल्याचं जाणवलं.

मी, अगदी नकळत म्हणेन, सतरा बटणांचं यंत्र बोटभर त्यांच्या हाताकडे सरकवलं.

माझं बोट पकडलं गेलं. "दलाली कोनाची करताय, सायेब?"

सीमा आता दारात उभी राहून उघड हसत होती. मीही हसलो. आप्पांनी माझा हात चाचपून मनगट धरलं, घट्ट, आणि दोनदा दाबलं. सौदा रेडिओवर पक्का झाला. मी बाकीची दोन यंत्रं बांधून घरी नेली. भजनाची पेटी दुकानात परत दिली. पुण्याचं पाठवायला जरा वेळ होता.

पुढच्या आठवड्यात मी रजेवर होतो. माझ्या शिल्लक रजा संपवायच्या होत्या. दुपारी जेवण करून अंगणात चिंचेखाली बसलं की तिसऱ्या दारातून बाजार ऐकू यायचा. सोमवारी चहावाला ओरडला, "गरम हाय, पाव्हनं, गरम!" मला बरं वाटलं. मंगळवारी तोच ओरडला. बुधवारीही. गुरुवारी मी घड्याळ बघितलं. दोन वाजून पाच मिनिटांनी टक्, दोन-आठला चहावाला, आणि पंधरा-वीस मिनिटांत घोरण्याचा बारीक आवाज. मग बाजार तसाच चालू राहायचा, झोपलेल्या माणसावरून पुढे जात, आणि तीनच्या आत उठायचा. साडेतीनला टक्. शुक्रवारी पुन्हा दोन-पाच, पुन्हा दोन-आठ, पुन्हा चहावाला.

मी उठून गेलो. आप्पा जागे होते.

"आप्पा, पोस्टमन आला का?"

त्यांनी रेडिओची खुंटी नुसतीच चाचपली.

"रंग दिसला?"

"मी वेशीपतूर जातो," ते म्हणाले. "च्यावाला भेटतो. मग डोळा लागतो. उठलो की बाजार उठल्याला असतो. दुसऱ्या दिशी पुन्यांदा वेशीतच. ह्यो रेडिओ कालचं इसरतो, सायेब. बंद केला की समदं इसरतो."

आणि मला माझा तक्ता आठवला. वजन, आवाज, तास, बटणं, हमी. जुना टेप जिथे थांबवावा तिथेच थांबायचा. कॅसेट आतल्या आत त्या जागेवर उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच चालू लागायची. हा गुण इतका साधा होता की त्यासाठी रकाना आखायचं मला सुचलंच नाही. रेडिओ दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होता.

"मग सांगायचं ना! पुण्याचं यंत्र अजून माझ्याकडेच आहे. ते थांबलेली जागा लक्षात ठेवतं."

"मनगट धरलं हुतं मी," आप्पा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "चाळीस वर्सांत एकदाबी मोडला न्हाई सौदा. आता ह्या वयात मोडू? माझ्या हातानं निवडलंय."

मी बाहेर बघत बसलो. चिंचेचा पाला वाऱ्याशिवाय गळत होता. आप्पांच्या आत कुठेतरी एक बैल दिवसेंदिवस फिकट होत होता आणि ते दिलेल्या शब्दाखातर ते बघत बसणार होते. हिशेब समजावून त्यांचं मन वळणार नाही हे मला कळत होतं. मग मला रुमालाखालचा त्यांचाच शब्द आठवला: मारकी.

"आप्पा, विकणाऱ्याने जनावराची खोड सांगितली नाही तर?"

त्यांनी मान वर केली. "म्हंजे?"

"म्हणजे बैल बसका आहे, किंवा लाथ मारतो, आणि विकणारा गप्प राहिला. मनगट धरून झालं. मग?"

"तर परत घ्यावा लागतो. आठ दिसांत. खोड लपवली तर सौदाच न्हाई तो."

"मग तुम्हाला यंत्र विकायला कोण बसलं होतं? मी. ह्याला विसरायची खोड आहे हे मी सांगितलं का?"

 आप्पांच्या पोटातून हळूहळू हसू वर आलं, इतकं की खाट करकरली. "आयला, सायेब. तुमी दलाल झालात!"

"आजचा सहावा दिवस आहे."

"मंग घ्या परत. आन् ह्याबद्दल तुमाला बाजारात चार मानसांफुडं उभं करनार न्हाई म्या."

पुण्याचं यंत्र मी त्याच संध्याकाळी नेलं. पण सतरा बटणं होतीच. आप्पांनी दोन वेळा बोट चुकवलं, यंत्र बोलायला लागलं आणि बाजारात शिरायच्या आधीच दोघांचं भांडण जुंपलं. सीमाने बोलणं बंद कसं करायचं ते शोधून काढलं, तरी बटणं हाताला लागतच होती.

"झूल घाला त्याला," आप्पा म्हणाले.

"काय?"

"बैलाला घालत्यात तशी. समदं अंग झाकायचं. एक बटन तेवढं उघडं ठिवायचं."

सीमाने जुन्या जीनचं जाड कापड शोधलं. आप्पांनी नको म्हणून हात हलवला आणि रुमाल पुढे केला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तांबड्या काठाचा तो रुमाल कापला, दुमडून तिपदरी केला, आत पुठ्ठा घातला आणि यंत्राला अंगासरशी शिवून बसवला. सुरू आणि बंद करणारं एकच बटण होतं, त्यावर बोट जाईल एवढं भोक ठेवलं आणि उरलेला पदर वरून मोकळा सोडला. त्यामुळे बटण दाबायचं तर हात रुमालाखालीच घालावा लागतो. ते तिने मुद्दाम केलं की कापड उरलं म्हणून केलं, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी दोन वाजता गेलो. आप्पा म्हणाले, "आज बाजारात या माझ्यासंगट. आडवे व्हा." मी शेजारच्या सतरंजीवर आडवा झालो. त्यांचा हात रुमालाखाली गेला.

बाजार मधूनच सुरू झाला. चहावाला मागे कुठेतरी राहून गेला होता. मी डोळे मिटले. घोडेगाववरून मी शेकडो वेळा एसटीने गेलो असेन, बाजारात कधी उतरलो नव्हतो. आता खूर माझ्या कानाशी आपटत होते. कुणीतरी म्हणालं, "औंदा लिंबाला मोहर लई." कुणीतरी हसलं. घंटा लांबून जवळ येत होत्या, एकात एक मिसळत होत्या, आणि मला धूळ दिसू लागली. पिवळी, उन्हात उभी राहिलेली, तिच्यात हलणाऱ्या सावल्या. त्या सावल्यांतून एक माणूस खांद्यावर रुमाल टाकून चालला होता आणि त्याला सगळं दिसत होतं. मी त्याच्या मागे मागे जात राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

खद्.

आप्पांनी मान आवाजाकडे वळवली. खद्, खद्. तडकलेली घंटा दोन पावलं चालली आणि थांबली. पुढची दोन पावलं. थांबली.

"दारं न्हाईत तरी थांबतोय, बगा," आप्पा अगदी हळू म्हणाले. घंटा पुन्हा चालली, पुन्हा थांबली. मग, "गाजरी. गाजरी हाय, सायेब. पोटाखाली पांढरा, मानंवर जरा काळसर झाक, अन् बाकी समदा गाजरी. उन्हात उजळतो. अन् मी कोसा का पांढरा म्हनत हुतो! येडाच की मी."

त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं आणि ते हसत होते. टेपमध्ये कुणीतरी पावसाचं विचारत होतं, आणि तरुण आवाजातले आप्पा पावसाचंच उत्तर देत होते. त्यांच्या आवाजाखाली, रुमालाखाली, बोटं बोलू लागली असणार. ते टेपमध्ये ऐकू येत नाही. पुढे फक्त तडकलेली घंटा लांब जाताना ऐकू येते, हे मला ठाऊक होतं.

आप्पांचा हात झुलीखाली सरकला. एक बारीक टिक् झालं आणि बाजार जागच्या जागी उभा राहिला.

"अजून चार मिनिटं आहेत, आप्पा."

"असू द्या," ते म्हणाले. हात त्यांनी रुमालाखालून काढला नव्हता. "अजून इकला न्हाई त्याला. उद्या बगू."